जायची वाट आधी

खोली दाखवण्याआधी त्यांनी मला खोली सोडायची कशी ते दाखवलं.

रिसोडच्या स्टँडवर उतरून, मोंढ्यामागच्या गल्लीत विचारत विचारत मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो होतो. आमचं गाव जतच्या बाजूला. तिथून इथवर एसटी बदलत बदलत येताना सगळ्या वाटेनं मी एकच घोकत होतो, घरमालक काय विचारेल आणि आपण काय सांगायचं. शाळा मी नववीत सोडलेली. त्यामुळे कुणी नुसतं "बसा" म्हणालं तरी पुढचा प्रश्न शिक्षणाचाच असणार असं वाटून माझ्या हाताला घाम येतो. शेतात ठिबकच्या नळ्या बसवायचं काम मला इथल्या एका दुकानदारानं दिलं होतं. खोलीचा पत्ताही त्यानंच दिला. वर एवढंच म्हणाला होता, "म्हतारा जरा येगळा हाय. पण माणूस चांगला."

म्हाताऱ्यानं शिक्षण विचारलं नाही, नाव विचारलं नाही. म्हणाले, "तोंड उघड."

मी उघडलं. त्यांनी मान तिरपी करून माझे दात पाहिले, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि मला आत घेतलं. आत अंगण, अंगणात निंबाचं झाड, झाडाखाली बाज. भिंतीला एक खुंटी होती. तिच्याकडे काठी करून ते म्हणाले, "पाह्य. खोली सोडाची असन तं मले सांगाचं. मी नसलो तं बुढीले सांगाचं. बुढी नसली तं किल्ली या खुटीले लटकवाची अन् ज्या दारानं आला त्याच दारानं जाचं. कारण सांगाची गरज नाही. मी इचारणार नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. आत पाऊल टाकायच्या आधीच खोली हातची गेली, असंच मला वाटत होतं.

"काय समजलं?"

"खुंटीला किल्ली."

"हां. आता चाल, खोली पाह्य."

त्यांना सगळे आबाजी म्हणत. मीही तेच म्हणू लागलो. आबाजींनी सगळं आयुष्य बैलबाजारात दलाली केली होती. दुपट्ट्याखाली विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात घ्यायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा आणि चेहऱ्यावर मात्र कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखं उभं राहायचं, हे त्यांचं काम. आता गावोगाव ट्रॅक्टर झाले आणि बाजारात बैलांपेक्षा प्लॅस्टिकच्या बादल्या जास्त दिसतात. तरी बाजाराच्या दिवशी आबाजी धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून जायचेच. सौदा असो नसो, दोनचार बैलांचे दात पाहून यायचे. बैल नसले तर माणसांचे.

त्यांचं म्हणणं असं, की सौद्याचा पहिला सवाल भाव नसतो. पहिला सवाल, मोडला तर काय. बैलबाजाराचा कायदा ते मला इतक्यांदा सांगायचे की मला तो आमच्या गावच्या ग्रामदैवताच्या आरतीसारखा पाठ झाला. खोड लपवून विकलेलं जनावर विकणाऱ्यानं मुकाट्यानं परत घ्यायचं. पण खोड आधी चारचौघांत सांगितली आणि तरी घेणाऱ्यानं घेतलं, तर मग ते परत होत नाही. दावं सोडायचं आणि घरी न्यायचं.

हा कायदा ते सगळीकडे लावत. हॉटेलात जिलबी घेताना विचारायचे, "नरम निघाली तं?"

"तं खाऊन टाका, आबाजी," हॉटेलवाला म्हणायचा.

"खाल्ल्यावर परत कशी घेशीन?"

"म्हणून तं म्हणलं."

शिरपूरच्या गाडीत कंडक्टरला विचारायचे, मधेच उतरलो तर काय. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "उतरा न. कोनं धरलं तुमाले?" त्यावर "हेच आयकाचं होतं" म्हणून आबाजी शांत बसायचे आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे. एकदा एक विमावाला आला. आबाजींनी त्याला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि दुपार उतरेपर्यंत फक्त एवढंच विचारत राहिले की पॉलिसी बंद कशी करायची. तो प्रत्येक वेळी फायदे सांगायला सुरुवात करायचा आणि आबाजी म्हणायचे, "ते समजलं. बंद कशी होते?" शेवटी तो पाणी प्यायच्या निमित्तानं उठला तो गेलाच. त्याची छत्री राहिली. आबाजींनी ती खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "त्याले जाची वाट बरोबर सापडली."

त्यांच्या मुलीनं अकोल्याहून तिचा जुना टचचा फोन पाठवला, तेव्हा आबाजी आधी तो बंद करायला शिकले. आठवडाभर तेवढंच. चालू करून द्यायचा आणि ते बंद करायचे. "चालू कराले कोनीबी शिकवते," ते म्हणायचे.

त्यांच्या बायकोला मी माय म्हणायचो. माय दळण पाखडता पाखडता त्यांचा हिशेब करायची. "आमच्या लग्नात, भर मांडवात माह्या बापाले इचारलं यायनं, पोरगी नांदली नाही तं काय कराचं. बाप म्हणे, पोरगी नांदन. तुमीच नांदले नाही तं इकडे निंगून येजा, आमाले गडी पाह्यजेच हाय." मग माय सूप आपटायची. "तवापासून गप हाय मानूस, या बाबतीत."

मला या माणसाची भीती वाटायची आणि आधारही वाटायचा. दोन्ही एकाच वेळी. मी रोज कामावर जाताना कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचो आणि परत येऊन कुलूप ओढून पाहायचो. आबाजी बाजेवरून बघायचे, बोलायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "कुलूप तुह्यावर पहारा करून राह्यलं का तू कुलपावर?"

आता ॲपची गोष्ट.

आई दर रविवारी फोनवर एकच सांगायची. "तिकडंच एकादी बघ बाबा. हिकडं कोण देतंय तुला." इथं माझं कुणी नव्हतं. काम संपलं की खोली आणि खोलीत फोन. फोनमध्ये एक लग्न जुळवायचं ॲप सारखं समोर यायचं. हसणारी नवरा-नवरी आणि खाली "पहिला महिना मोफत." मी अंगठ्यानं एकदा दाबलं आणि सभासद झालो. इतकं सोपं मला आयुष्यात काही गेलं नव्हतं. बँकेत खातं उघडायलासुद्धा मी तीन वेळा परत आलो होतो. पुढच्या महिन्यापासून पैसे आपोआप कापले जातील हे बारीक अक्षरात होतं, आणि शिक्षणाच्या रकान्यात सगळ्यात खालची पायरी दहावी होती. नववी तिथं नव्हतीच. काहीतरी दाबल्याशिवाय पान पुढे जाईना, म्हणून मी दहावी दाबलं. त्याचं ओझं मात्र छातीवर घेऊन बसलो. फोटो दुकानदाराच्या ट्रॅक्टरशेजारी काढलेला होता.

ॲपवरून काहीच आलं नाही. जे आलं ते शिरपूरजवळच्या एका हळदीच्या शेतातून आलं. मी तिथं नळ्या अंथरत होतो. शेतमालकाची मुलगी बांधावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, पानी आमच्याच हळदीले भेटन न? का शेजाऱ्याच्या?" मी घाबरून सगळे जोड पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी तिनं परत तेच विचारलं, मी परत तपासले. तिसऱ्या दिवशी ती हसली, तेव्हा मला कळलं.

तिच्या वडिलांनी काही दिवसांनी दुकानदाराकडे माझी चौकशी केली. घरी ट्रॅक्टर असूनही बैलजोडी ठेवणारा, कमी बोलणारा माणूस. बोलणं बरं चाललं होतं. आईनं गावाकडे नवससुद्धा बोलून टाकला. आणि तेवढ्यात मुलीच्या आतेभावाला, त्याच्या बहिणीसाठी स्थळ बघायला ते ॲप उघडल्यावर, मी दिसलो. नुसता दिसलो नाही. माझ्या फोटोखाली हिरवा ठिपका होता आणि लिहिलं होतं, "आत्ताच ऑनलाइन होता. नवीन स्थळांच्या शोधात."

मी तर ते ॲप फोनमधून कधीच काढून टाकलं होतं. फोनमधून गेलं, पण मी त्यांच्याकडे होतोच. हिरवा ठिपका ते आपल्या मनानं लावत होते.

मुलीनं फोन केला. तिचा आवाज नेहमीचा होता, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. "बाबा म्हनून राह्यले, पोरगा अजून बाजारात उभा हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अन् तो टॅक्टर कोनाचा हाय फोटोतला?"

"दुकानदाराचा."

"मले वाटलंच. बाबा बाजाराच्या दिवशी रिसोडले येतात. तुमची खोली पाहाले. त्याच्या आंदी ते काढा."

मी ॲप परत घेतलं आणि आतून बाहेर पडायची वाट शोधायला लागलो. सेटिंगमध्ये एक पान, त्या पानात दुसरं, त्याच्या तळाशी "मदत", मदतीत प्रश्नांची यादी, यादीत शेवटी "सदस्यत्व". तिथं दाबलं की एक रडणारी बाहुली यायची आणि विचारायची, "तुम्हाला नक्की जायचंय?" खाली मोठं लाल बटन, "मी राहतो." त्याच्याखाली राखाडी, अंधूक, "तरीही जातो." ते दाबलं की लिहून यायचं, आमच्या प्रतिनिधीशी बोला. मी घामाघूम होऊन दोनदा लाल बटनच दाबलं आणि दोन्ही वेळा फोननं मला "धन्यवाद" म्हटलं.

आबाजी बाजेवरून पाहत होते. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ त्या बाहुलीकडे बघत राहिले.

"आत कसा गेलता?"

"अंगठा लावला आणि गेलो."

"अन् बाह्यर?"

मी बाहुलीकडे बोट केलं. आबाजींनी दुपट्टा खांद्यावर नीट केला. तो ते सौद्याच्या आधी करत. "लाव फोन. सौदा मीच मोडतो."

फोन लागला. पलीकडून एक मुलगी इतक्या मायेनं बोलली की मलाच वाईट वाटलं. "सर, तुम्ही जाताय हे ऐकून आम्हाला खूप दुःख होतंय. कारण सांगाल का?"

इथं घोटाळा झाला. आबाजींनी आयुष्यभर बाजारात उभं राहून गिऱ्हाइकासमोर गुण गाऊन माल वानला होता. माल समोर आणि माणूस ऐकतोय म्हटल्यावर त्यांची जीभ ठरलेल्या वाटेनं चालू लागली. "कारन काही नाही, बाई. पोरगा सोनं हाय. कामाले वाघ. खायाले कमी. मारका नाही, बसका नाही, इशारा केला की चालते. चार दाती म्हना, ऐन जवान." मी त्यांचा सदरा ओढत होतो. "अंग कसं घट्ट हाय. असा जोडीदार बाजारात भेटत नसते."

"वा सर," मुलगी म्हणाली. "मग अशा प्रोफाइलला आम्ही पहिल्या पानावर दाखवतो. 'आजचे खास स्थळ'. अजून एक महिना मोफत देऊ का?"

मोफत म्हटल्यावर दलालाचे कान टवकारतात. "द्या," आबाजी म्हणाले.

"आणि सर, विनंती पुढे पाठवायला दुसरा एक नंबर लागेल."

"म्हंजे जामीन," आबाजी मला म्हणाले. बाजारात सौदा मोडताना जामीन लागतोच. त्यांनी ताठ बसून स्वतःचा नंबर सांगितला. त्यांच्या फोनवर काहीतरी आलं. "कुठी दाबू?" त्यांनी विचारलं, आणि मी चष्मा शोधून द्यायच्या आत त्यांना दिसलं ते मोठं, लाल बटन दाबून टाकलं. राखाडी त्यांना दिसलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मला तीन जिल्ह्यांतून फोन आले. मी पहिल्या पानावर होतो. हळदीच्या शेतातल्या मुलीनं एकच ओळ पाठवली: "बाबांनी पाह्यलं."

त्या दिवशी मी जेवलो नाही. माय ताट घेऊन खोलीच्या दारात आली आणि आबाजींवर बरसली. "सौदा मोडाले गेल्ते. भाव वाढवून आले."

आबाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "गलती झाली. माल वानला म्या."

मला ते बोलणं अजून आठवतं. माझ्यापेक्षा एवढा मोठा माणूस माझ्यासमोर बसून गलती झाली म्हणतो, हे मला नवीन होतं. आमच्याकडे मोठी माणसं गलती झाली की आवाज वाढवतात.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं मला ग्राहकांच्या तक्रारीचा सरकारी नंबर दिला. मी वाक्य पाठ करून फोन लावला आणि पहिलंच वाक्य विसरलो. पलीकडची बाई शांत होती. तिनं माझ्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. म्हणाली, मुद्दाम अवघड करून ठेवलेली बाहेरची वाट म्हणजे फसवणूकच, सरकारनं तसं करायला मनाई केली आहे. सभासद होणं जितकं सोपं, तितकंच सोडणं सोपं पाहिजे. मी म्हटलं, "थँक्यू मॅडम, लई उपकार झाले, थँक्यू." ती म्हणाली, "थँक्यू नंतर म्हणा. आधी त्या बाहुलीचा स्क्रीनशॉट काढा." मग म्हणाली, "आणि त्यांनी काही मोफत देऊ केलं तर नको म्हणायचं. म्हणता येईल ना?"

मी हो म्हटलं. पण माझा मलाच भरवसा नव्हता.

तक्रार नोंदवली गेली. आबाजींना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एकच गोष्ट लक्षात ठेवली. "जशी आत, तशी बाह्यर. हे सरकारले आता समजलं? बैलबाजारात माह्या आज्यालेबी मालूम होतं."

बाजाराचा दिवस उजाडला. मुलीचे वडील दुपारी येणार होते. मी खोली दोनदा झाडली, भांडी पुसली. आबाजी त्या दिवशी बाजाराला गेले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. मी आणि ते अंगणात बाजेवर बसलो होतो, तोंड खोलीकडे, पाठ दाराकडे. तेवढ्यात फोन वाजला. ॲपवाल्यांचा. तीच मायाळू मुलगी, पण आज आवाजात मायेच्या जागी घाई होती. "सर, तुमची तक्रार आली आहे. आम्ही प्रोफाइल आत्ता बंद करतो. फक्त सोडण्याचं कारण सांगा."

आबाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. मी हात जोडले. त्यांनी डोळ्यांनीच गप राहा म्हटलं आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"लिवून घे बाई. आज खोडा सांगतो."

"काय सांगता, सर?"

"खोडा. पयली, पोरगा बुजरा हाय. फोन वाजला तं उभा राह्यते. कुलूप लावते अन् परत पाहाले येते. सही करा म्हनलं तं हात कापते."

"सर, एवढं..."

"दुसरी. शाळा नववीत सोडेल हाय. तुमच्या कागदावर दहावी हाय ते तुमचं पाप, तुमच्या इथं नववीले जागाच नाही. तिसरी, झोपीत बडबड करते. 'साहेब, झालंच' म्हनते. दिवसा कोनाची भांडनं असली तं रात्री हा माफी मांगते."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. "आबाजी, पुरे," मी म्हणालो.

"गप. चवथी, भाजीत मीठ नसलं तरी सांगत नाही, खाऊन घेते. बुढीनं एक दिवस मुद्दाम तिखट टाकलं, डोयातून पानी काढून 'छान झाली माय' म्हने."

स्वयंपाकघरातून मायचा आवाज आला, "दोनदा टाकलं."

"अन् मोठी खोड आयक आता," आबाजींनी फोन तोंडाजवळ घेतला. "याले नाही म्हनता येत नाही. कोनालेच. म्हनून तं तुमी याले धरून बसले. जो नाही म्हनू शकत नाही त्याच्या दाराले तुमी आतून कडी लावता. बैल इकनारा हेड्याबी असं करत नसते, बाई."

पलीकडून टायपिंगची टकटक ऐकू आली. मग मुलगी हळूच म्हणाली, आणि पहिल्यांदाच ती वाचून दाखवल्यासारखी बोलली नाही, "सर, एवढं सगळं लिहायला इथं जागा नाही. पाचच कारणं दिलीत. त्यातलं 'लग्न ठरलं' हे टाकू का? मग लगेच बंद होतं."

आबाजी उत्तर द्यायला गेले आणि थांबले. ते मान वळवून माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होते. मी वळलो.

दारात मुलीचे वडील उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, हातात बाजारातून घेतलेला नवा दोर. केव्हा आले कुणास ठाऊक. पण दोर इतका घट्ट धरला होता, की बराच वेळ उभे असावेत. मी बाजेवरून उठलो. आबाजींनी सांगितलेली पहिली खोड मी तिथल्या तिथे सिद्ध केली.

कुणी कुणाला या म्हटलं नाही. फोनमधून आवाज आला, "सर? टाकू का?"

आबाजींनी फोन हातात तसाच धरला आणि विचारलं, "काय म्हनता, पाव्हने? टाकू काय?"

पाहुणे अंगणात आले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दात बघतात. मग आबाजींना म्हणाले, "अजून राह्यली काय एखांदी?"

"म्या पाह्यल्या तेवढ्या सांगतल्या. राह्यली असन तं तुमची पोरगी काढन शोधून."

"ते खरं," ते म्हणाले. तेवढ्यावर त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "अन् नववी?"

प्रश्न मला होता. माझ्या हाताला घाम आला. "नववी," मी म्हणालो. "तीही पूर्ण नाही."

"मी चौथी." त्यांनी नवा दोर खांद्यावर टाकला आणि फोनकडे बोट केलं. "टाक म्हना. चारचौघांत सांगून देल्लं परत होत नसते."

"चारचौघं कुठी हाय," आबाजी म्हणाले. दलालीचा किडा त्यांना तशाही वेळी चावत होता. "मी, तुमी अन् बुढी. तीनच झाले."

"मी आहे की, सर," फोन म्हणाला.

माझं प्रोफाइल बंद झालं. तक्रारीमुळे झालं असं मी आजही मानतो आणि त्या सरकारी बाईला मनातल्या मनात रोज थँक्यू म्हणतो. आबाजी मानत नाहीत. त्यांच्या मते खोडा ऐकून कंपनी घाबरली.

लग्नानंतर वाशीमला काम मिळालं, तेव्हा मी खोली सोडली. कसं सांगावं या विचारात दोन दिवस गेले, आणि मग आठवलं की सांगायची गरजच नाही. सामान बाहेर काढलं, किल्ली खुंटीला अडकवली. आबाजी बाजेवर होते, पण दाराकडे पाठ करून. कारण विचारणार नाही असं ते म्हणाले होते, आणि तोंड समोर असतं तर विचारलं गेलं असतं. विमावाल्याची छत्री तिथंच लटकत होती. मी ज्या दारानं आलो होतो त्याच दारानं निघालो आणि गल्लीच्या टोकावरून परत आलो. कुलूप ओढून बघायला नव्हे. आबाजींच्या पाया पडायचं राहिलं होतं. ते न वळताच म्हणाले, "मले वाटलंच, हा परत येते."

माझी बायको रागावली की सांगते, "काय करू, सांगून देल्लं हाय. नाहीतं कवाच परत केलं असतं."

मागच्या महिन्यात आबाजींचा फोन आला. आवाज दबका होता. "आज अजून एक आलं," ते म्हणाले.

"काय आलं?"

"स्थळ. चाळीसगावची हाय. घरगुती अन् मनमियाऊ, असं लिवलं हाय."

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी जामीन म्हणून नंबर देताना त्यांनी दाबलेलं लाल बटन त्यांना सभासद करून गेलं होतं. फुकटचा सभासद. तेव्हापासून ते ॲपवर आहेत. चार दाती असं कुणी लिहिलं नाही, पण फोटोच्या जागी त्यांच्याच फोननं काढलेलं निंबाचं झाड आहे, आणि तरी स्थळं येतात.

मी घाबरलो. ती माझी सवय आहे. "आबाजी, मी येतो आणि बंद करून देतो. आता मला येतं. दोन मिनिटांचं काम आहे."

"कायले?"

"अहो, मायला कळलं तर?"

"बुढीनंच तं वाचून दाखवलं. रोज सकाळी फोन घेऊन बसते, म्हनते पाहू आज कोनाचं आलं. इतक्या वर्सात बाजारातून कवा आले, असं इचारलं नाही तिनं. आता गल्लीच्या टोकाले गेलो तरी इचारते, कुठी चालले. भाकर गरम भेटून राह्यली."

मागून माय ओरडली, "त्याले म्हना, त्या ॲपवाल्या बाईचा नंबर दे. खोडा मी सांगीन यायच्या. एक दिवस पुरनार नाही."

"आयकलं?" आबाजी म्हणाले.

"ऐकलं. पण आबाजी, बाहेर पडायची वाट..."

"मालूम हाय न. लाल बटनाच्या खाली, बारीक अक्षरात. पयल्याच दिवशी चष्मा लावून पाह्यून ठेवली."

"मग?"

"मंग काय, लेका. मालूम हाय म्हनून तं राह्यलो."